16 किलोमीटरच्या पलीकडून

माननीय श्री. गिरीशभाऊ महाजन यांस,
मंत्री, आपत्ती व्यवस्थापन आणि जलसंपदा (विदर्भ, तापी व कोकण), महाराष्ट्र राज्य



अणुऊर्जेविषयी काही म्हणायचं असेल तर लोक ऊर्जामंत्र्यांना लिहितात. मी मुद्दाम तुम्हाला लिहितोय. ऊर्जा खातं मुख्यमंत्र्यांकडे आहे. प्रकल्प यावेत, वीज वाढावी, हे पाहणं त्यांचं काम, आणि ते त्यांनी करावंच. तुमच्याकडे आपत्ती व्यवस्थापन आहे आणि तापी खोऱ्याचं पाणीही आहे. म्हणजे प्रकल्प बिघडला तर धावायचं कोणी आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडायचे कधी, हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर येतात, आणि त्या टेबलामागे जामनेरचा माणूस बसलेला आहे. खानदेशाच्या नशिबी असा योग फार वेळा आलेला नाही, म्हणून हे पत्र.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा इतिहासजमा झाले आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. कोळशाच्या जुन्या केंद्रांच्या जागा अणुभट्ट्यांना वापराव्यात, असाही एक विचार देशात बोलला जातो. तो कानावर आला की भुसावळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आपसूक दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या उभ्या राहतात. भट्टी कुठे येईल याचे अंदाज मी बांधत बसणार नाही, कारण आपल्यासाठी तो प्रश्न दुय्यम आहे. खानदेशाच्या नदीवर अणुभट्टी 1993 पासून आहे.

मुलताईला उगवलेली तापी रावेर, भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहादा करत उकाईच्या जलाशयात शिरते. उकाईतून सुटलेलं पाणी पुढे काक्रापारच्या बंधाऱ्याला अडतं आणि तिथेच, गुजरातच्या तापी जिल्ह्यात व्याऱ्याजवळ, काक्रापार अणुऊर्जा केंद्र आहे. आधी 220 मेगावॅटचे दोन संच होते. मग 700 मेगावॅटचे दोन स्वदेशी संच आले. त्यांतला पहिला 2023 मध्ये आणि दुसरा 2024 मध्ये रीतसर उत्पादनात आला. एकूण 1,840 मेगावॅट. नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर मोजलं तर नवापूर सुमारे 45 किलोमीटर, नंदुरबार नव्वदच्या आसपास, धुळे दीडशे आणि जळगाव दोनशे तीस. व्याऱ्यावरून जाणारा महामार्ग तोच आपला सुरत–धुळे–जळगाव–नागपूर रस्ता. व्याऱ्यावरून येणारी रेल्वे तीच आपली ताप्ती लाइन. उद्या व्याऱ्याचा माणूस घाबरून पूर्वेकडे निघाला, तर विसरवाडी ओलांडून, कोंडाईबारीचा घाट चढून, साक्रीमार्गे तो धुळ्यातच येणार आहे. 

आता एक नियम सांगतो. आपल्या देशात अणुकेंद्राभोवती तीन वर्तुळं आखतात. अगदी आतल्या, साधारण एक किलोमीटरच्या वर्तुळात वस्ती चालत नाही. पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर लक्ष असतं. 16 किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा असतो. या शेवटच्या वर्तुळात जिल्हाधिकारी सूत्रं हातात घेतात, ठरावीक काळाने सराव होतो, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात आणि बसगाड्या कुठून येतील हे कागदावर असतं. नवापूर या वर्तुळाच्या बाहेर आहे आणि राज्याच्या सीमेच्याही अलीकडे आहे. व्याऱ्याच्या आराखड्याला ते लांब पडतं, मुंबईच्या नजरेला तर त्याहून लांब.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मोठ्या भट्ट्यांसाठी आणखी दोन वर्तुळं सुचवली आहेत, 100 किलोमीटरचं आणि 300 किलोमीटरचं. शंभरच्या आत कुणाला लगेच घर सोडावं लागतं असं नाही. पण वाऱ्याने आणि पावसाने कुठे किरणोत्सर्गाचे डाग पडलेत का, हे तिथे तातडीने मोजता आलं पाहिजे आणि गरज पडली तर तेवढी गावं हलवता आली पाहिजेत. तीनशेच्या आत दूध, भाजीपाला, फळं आणि उघड्यावरचं पाणी तपासून होईस्तोवर बाजारात जाऊ द्यायचं नसतं. ही अंतरं पुस्तकी वाटतात. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर इताते नावाचं गाव आहे. मार्च 2011 मध्ये तिथे अपघात झाला तेव्हा ते सुरुवातीला ठरवलेल्या वर्तुळाबाहेर होतं, आसपासचे विस्थापित तिथे आसऱ्यालाही आले होते. पण ऐन वेळी वारा त्या दिशेला वळला आणि वर पाऊस-बर्फ पडलं. काही आठवड्यांनी सरकारने त्या गावालाच घरं सोडायला सांगितलं. नवापूरचं अंतर पुन्हा एकदा पाहा.

हे वाचून कोणी घर विकायला काढू नये. काक्रापारच्या भट्ट्यांची रचना फुकुशिमाहून वेगळी आहे आणि तिथे त्सुनामीही येत नाही. मी धुळ्यात पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. अणुऊर्जा म्हटलं की सैतान, असं मी वर्गात कधी शिकवलं नाही. कोळशाच्या राखेने काय होतं, ते पाहायला दीपनगरच्या, वेल्हाळ्यातल्या राखेच्या तळ्यावर उन्हाळ्यात एक चक्कर मारली तरी पुरतं. प्रश्न शक्यता किती, एवढाच नसतो. ती कमी असली तरी तयारी कोणाकडे आहे, हाही असतो, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नाही.

तुमचं दुसरं खातं पाण्याचं, म्हणून 1994 ची हकिगत सांगतो. जूनच्या मध्यावर दक्षिण गुजरातेत मुसळधार पाऊस झाला. काक्रापार केंद्राशेजारच्या मोतीचेर तलावाची पातळी चढली. पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधलेल्या वाटांनीच पाणी आत शिरलं आणि टर्बाइनच्या इमारतीत माणसाच्या छातीपर्यंत आलं. तलावाचे दरवाजे उघडेनात. शेवटी घरं वाचवायला निघालेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी तलावाचा बांध फोडला, तेव्हा पाणी उतरलं. पहिला संच त्या वेळी आधीपासूनच बंद होता, हे नशीब. अणुऊर्जा नियामक मंडळाचे त्या काळचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पुढे हा प्रसंग जाहीरपणे मांडला. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने तेव्हा वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. त्याची नोकरी गेली, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही. न्यायालयाच्या निकालावर मी काय बोलणार? पण त्या केंद्रात आज एखाद्या पंपाची झडप गळताना दिसली आणि तोंड उघडायची वेळ आली, तर बाकीच्या कर्मचाऱ्यांना कोणाची आठवण होत असेल, याचा विचार मनातून जात नाही.

त्या पुराकडे तापीच्या वरच्या अंगाने बघा. काक्रापारच्या वर उकाई आहे, उकाईच्या वर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत, आणि त्या सगळ्यांच्या वर 41 दरवाज्यांचं हतनूर. ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला, उकाईतून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. म्हणजे हतनूरचा दरवाजा कधी आणि किती उघडला, हे व्याऱ्याला वेळेत कळणं हा अणुसुरक्षेचा भाग आहे. तापी पाटबंधारे विकास महामंडळ जळगावात आहे आणि ते तुमच्या खात्याखाली आहे. हतनूर, उकाई आणि काक्रापार या तिघांना जोडणारी, अणुकेंद्राचा नावानिशी उल्लेख असलेली एक लेखी कार्यपद्धती असावी. ती दर मेअखेर तिन्ही ठिकाणच्या अभियंत्यांनी एकत्र बसून वाचावी. याला ना कायदा लागतो, ना केंद्र सरकारची परवानगी. दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांत एक पत्र गेलं की सुरुवात झाली.

11 मार्च 2016 चीही आठवण ठेवावी. फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली होती आणि त्या सकाळी काक्रापारच्या पहिल्या संचात एका शीतक नळीला तडा जाऊन जड पाणी गळू लागलं. भट्टी आपोआप बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली आणि ती चांगली हाताळली गेली. बाहेर मर्यादेपेक्षा जास्त काही गेलं नाही. पुढच्या तपासात नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला गंजाचे डाग सापडले. नळ्यांभोवती खेळवलेल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या अशुद्धीपर्यंत तो माग गेला. मग सगळ्या नळ्या बदलूनच 2019 मध्ये संच पुन्हा सुरू झाला. याला मी यशच म्हणेन. कोणीतरी कारण सापडेपर्यंत संच थांबवून ठेवला आणि तीन वर्षांचं उत्पादन बुडालं तरी घाई केली नाही. सुरक्षेची व्यवस्था म्हणतात ती हीच. तिचा मोठा भाग काँक्रीटमध्ये दिसत नाही, तो ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेल्या आणि तो वापरणाऱ्या माणसांत असतो.

अशी माणसं उभी करायला वेळ लागतो. जे देश अणुऊर्जेत नव्याने उतरतात, त्यांना व्हिएन्नाची संस्था सांगते की विचार पक्का झाल्यापासून पहिली वीज मिळेपर्यंत दहा ते पंधरा वर्षं धरा. पायाभूत तयारीचे 19 विषय ती हाती देते: कायदा, नियामक, मनुष्यबळ, आणीबाणी, कचरा, लोकांशी संवाद वगैरे. संयुक्त अरब अमिरातीने 2009 मध्ये आधी अणुनियामक स्थापन केला आणि कोरियन कंपनीशी भट्ट्यांचा करार त्याच वर्षाच्या अगदी शेवटी केला. क्रम लक्षात घ्या. तिच्या बाराखा केंद्राची पहिली भट्टी 2020 मध्ये सुरू झाली. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने रूपपूरच्या अणुकेंद्रासाठी 2012 मध्ये कायदा केला आणि त्या कायद्याने नियामक उभा केला. पहिलं काँक्रीट 2017 च्या अखेरीस पडलं. भट्टी रोसाटॉमचीच आहे, आणि त्यांच्या मदतीला भारतही गेला आहे.

यावर मंत्रालयात कोणी म्हणेल, महाराष्ट्र कुठे नवखा आहे? तारापूर 1969 पासून चालतंय, मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. बरोबर आहे. पण ते ज्ञान केंद्र सरकारच्या संस्थांकडे आहे. महानिर्मितीने आजवर कोळसा, वायू आणि पाण्यावर वीज केली, आणि चांगली केली. दीपनगरच्या माणसाला बॉयलर असा कळतो की नुसत्या आवाजावरून तो दोष सांगेल. कोळसा तोडला की बॉयलरची आग विझते, हे मात्र त्याच्या हाडात भिनलेलं असतं. अणुभट्टीत ते खरं नसतं. 700 मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत तिच्या तिप्पट, दोन हजार मेगावॅटहून जास्त उष्णता तयार होत असते. अणुविखंडनाची साखळी तोडली त्या क्षणीही त्यातली सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, म्हणजे 130–140 मेगावॅट. दुसऱ्या दिवशीही अर्धा टक्का उरलेली असते. ती कोणीतरी सतत काढून न्यावी लागते. फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या शिस्तीत बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर, पंप चालवायला वीज उरली नाही म्हणून. बंद झालेल्या यंत्राचीच जास्त काळजी घ्यायची, ही सवय दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाने अंगी लागत नाही. छोटी भट्टी असली की उष्णता कमी आणि धोकाही कमी, हे मान्य. सवय मात्र तीच लागते. त्यामुळे महानिर्मितीचे तरुण अभियंते आजपासून तारापूर आणि काक्रापारला चार-पाच वर्षं ठेवावेत, असं मला वाटतं. पण ती सूचना ऊर्जा खात्याची. तुमच्या वाट्याचं काम वेगळं आहे.

ते सांगण्याआधी केळीबद्दल थोडं. रावेरपासून चोपड्यापर्यंतचा केळीपट्टा काक्रापारपासून तीनशे किलोमीटरच्या आत येतो. शास्त्राच्या दृष्टीने केळं हे मुळातच किंचित किरणोत्सर्गी फळ आहे. त्यात पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमचा एक छोटा अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. सामान्य माणसासाठी ठरवलेली किरणोत्सर्गाची वर्षाची मर्यादा केवळ केळ्यांच्या हिशेबात भरायची म्हटलं, तर हजारो केळी खावी लागतील. सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याला हे सांगा, तो हसेल आणि पुढच्या घडाचा भाव विचारेल. पण कल्पना करा, काक्रापारला काही किरकोळ घडलं, बाहेर काहीही गेलं नाही, तरी दिल्लीच्या बाजारात कोणीतरी म्हणालं की तापीकाठचा माल आहे. त्या दिवशी आपल्याकडे दाखवायला काय असेल? रावेरच्या मातीत, केळीत, हतनूरच्या पाण्यात, साक्रीच्या गाईम्हशींच्या दुधात आज नैसर्गिक किरणोत्सर्ग किती आहे, याचे आकडे असतील तरच उद्या ‘वाढला नाही’ असं म्हणता येईल. अणुकेंद्र सुरू होण्यापूर्वीच आजूबाजूची अशी मोजणी करण्याची शिस्त आपल्या देशात आहे, फक्त ती केंद्राच्या परिसरापुरती असते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचे विभाग आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी खानदेशाची ही आधाररेषा आखावी आणि दर दोन वर्षांनी आकडे जाहीर करावेत. खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खांबाइतकाही येणार नाही.

मला खरी भीती अफवेची वाटते. ती कल्पनेतली नाही, आपल्याच दोन जिल्ह्यांनी दाखवलेली आहे. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आली, असं मोबाइलवर फिरलं आणि भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाडेला पुष्पक एक्सप्रेसच्या डब्यात आग लागली अशी आरोळी उठली. लोकांनी साखळी ओढली, खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीखाली सापडले. डझनभर माणसं गेली. आग लागलीच नव्हती. मुलं पळवणारे डोळ्यांना दिसतात, आगही दिसते, तरी ही गत. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. व्याऱ्याकडून एक संदेश फिरला तर कोंडाईबारीच्या घाटात काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

यावर उपाय म्हणून फलक रंगवू नका, भाऊ. आधी बोलणारा माणूस ठरवा. काही घडलं तर पहिल्या तासात धुळ्यात कोण बोलणार, नवापुरात कोण बोलणार, आणि कोणत्या बोलीत? साक्री-नवापूरच्या डोंगरांत मावची आणि भिलोरी बोलतात, शिरपूरच्या वरच्या अंगाला पावरी, धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलला लेवा. आदल्या दिवसापर्यंत लसीकरणासाठी दारी येणारी आशाताई जे सांगेल ते गाव ऐकतं. मुंबईहून टीव्हीवर कोणी शास्त्रज्ञ जे सांगेल ते ऐकत नाही, तो कितीही खरं बोलला तरी. दारं-खिडक्या बंद करून घरात थांबा, उघड्यावरचं दूध-पाणी टाळा, पुढची सूचना येईपर्यंत गाडी काढू नका. एवढी तीन वाक्यं त्या ताईला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आधीपासून पाठ असायला हवीत. आयोडीनच्या गोळीचीही तीच गोष्ट. ती वेळेत, सांगितल्यावरच घ्यायची असते. ती फक्त थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते, बाकी कशावर तिचा उपयोग नाही. हे कळलेलं नसेल तर औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागतील आणि लोक जखमेवरचं आयोडीन पितील. हसू नका, असे प्रकार जगात झालेले आहेत.

सुदैवाने आपल्याकडे काही गोष्टी आधीच आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यात असते. पुरात आणि इमारत कोसळल्यावर ती धावते. तिला किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं द्या, ती वापरायचं रीतसर शिक्षण द्या आणि दरवर्षी काक्रापारच्या परिसरात तालमीला पाठवा. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांत किरणोत्सर्गाची धूळ अंगावर घेऊन आलेला रुग्ण कसा घ्यायचा, याची एक खोली आणि एक सराव असावा. बहुतेक धूळ कपड्यांबरोबरच उतरते, उरलेली साबण-पाण्याने जाते. पण हे माहीत नसलेला डॉक्टर रुग्णाला हात लावायलाच घाबरतो. हे शिक्षण अणुकेंद्राखेरीजही उपयोगाचं आहे. 2010 मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात एका विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र फोडलं गेलं आणि एक माणूस दगावला. भंगाराच्या गाड्या या महामार्गावरून रोज जातात.

आता नियामकाबद्दल. हा विषय राज्याच्या हातातला नाही, तरी तो टाळला तर पत्र अपुरं राहील. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये सरकारी आदेशाने उभं राहिलं, तेही ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच छत्राखाली. 2012 मध्ये महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवलं. 2015 मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या तपासणी पथकानेही मंडळाचं स्वातंत्र्य कायद्यात आणा असं सुचवलं. त्याआधी 2011 मध्ये आलेलं स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबरच विरून गेलं होतं. शांती कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट. पण मंडळावरची माणसं निवडताना अणुऊर्जा आयोगाचा शब्द अजून चालतोच. जपानमध्ये 2011 च्या आधी नियामक हा अणुऊर्जेला चालना देणाऱ्या मंत्रालयाच्याच पोटात होता. त्यांच्या संसदेच्या चौकशी आयोगाने फुकुशिमाला मानवनिर्मित आपत्ती ठरवलं आणि 2012 मध्ये तो नियामक मोडून नवा उभारावा लागला. त्यात आपल्या नव्या कायद्याने भट्टी पुरवणाऱ्याची जबाबदारी पातळ केली आहे आणि चालवणाऱ्याच्या भरपाईला भट्टीच्या आकारानुसार 100 कोटींपासून 3,000 कोटींपर्यंत मर्यादा घातली आहे. छोटी भट्टी, छोटी मर्यादा. या मर्यादेत खानदेशाच्या एका हंगामातली केळी बसतात का, याचा हिशेब तुमच्या खात्याने एकदा मांडून बघावा.

खानदेशात वीजप्रकल्प या शब्दावर विश्वासाचं थोडं ओझं आहे. शिंदखेडा तालुक्यात विखरणला औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, मोबदल्यात भेद झाला आणि जानेवारी 2018 मध्ये तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांनी तो गेला. सरकार तुमचंच होतं. मी दोष द्यायला हे काढलेलं नाही. पण उद्या अणुकेंद्राचा अधिकारी गावात येऊन ‘काही धोका नाही’ म्हणेल तेव्हा समोर बसलेल्या माणसाला विखरण आठवणार आहे, हे त्या अधिकाऱ्याला माहीत असलेलं बरं. त्याने धोका नाही असं म्हणूच नये. धोका किती, तो कोण मोजतो, आकडे कुठे पाहायला मिळतील आणि काही झालं तर मध्यरात्री फोन कोण उचलेल, एवढं सांगावं. लोक समजूतदार असतात. त्यांना खात्री दिली की ते संशय घेतात, पत्ता दिला की ते ऐकतात.

माझी मागणी अशी आहे. काक्रापारचा पुढचा बाहेरच्या आणीबाणीचा सराव तापी जिल्ह्यात होईल, तेव्हा नवापूरचे तहसीलदार, धुळ्याच्या प्रतिसाद दलाचे दोन अधिकारी आणि हतनूरचा एक अभियंता तिथे निरीक्षक म्हणून उभे असावेत. निमंत्रण येईल याची वाट न पाहता तुम्ही ते मागून घ्यावं. मग नंदुरबार, धुळे आणि जळगाव यांच्या जिल्हा आपत्ती आराखड्यांत काक्रापारचं एक प्रकरण लिहून ते मराठीत सार्वजनिक करावं. आणि महानिर्मितीची भट्टी कुठेही ठरो, तिची जागा जाहीर होण्यापूर्वी त्या जागेच्या आणीबाणी आराखड्यावर तुमच्या खात्याचं लेखी मत मागवलं जावं, अनुकूल असो वा प्रतिकूल, आणि ते जसंच्या तसं प्रसिद्ध व्हावं. तुमच्या खात्याने एखाद्या प्रकल्पावर ‘अजून तयारी नाही’ असं लिहिलं, तर मंत्रिमंडळात तुम्हाला अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. ते लिहिता येणं हेच तर तुमच्या खात्याचं काम.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धुळ्याचा एक निवृत्त शिक्षक

प्रत माहितीसाठी:
जिल्हाधिकारी, जळगाव
जिल्हाधिकारी, धुळे
जिल्हाधिकारी, नंदुरबार
कार्यकारी संचालक, तापी पाटबंधारे विकास महामंडळ, जळगाव
जिल्हाधिकारी, तापी (मु. व्यारा, गुजरात)